ब्रुकिंग्जची सेंट टिमथी मंडळी: जेवणाचे सहा दिवस आणि नगरपालिकेचे दोन

ऑरेगन राज्याच्या अगदी दक्षिण टोकाला, कॅलिफोर्नियाच्या हद्दीपासून जेमतेम दहा किलोमीटरवर, पॅसिफिकच्या काठी ब्रुकिंग्ज हे गाव आहे. 2020च्या जनगणनेत लोकसंख्या 6,744. चेटको नदी इथे समुद्राला मिळते आणि किनाऱ्यालगतचा महामार्ग 101 गावातूनच जातो. लाकूड कंपनीने वसवलेलं हे गाव आज मासेमारी, पर्यटक आणि निवृत्त मंडळींवर चालतं. किनाऱ्याच्या मानाने हवा उबदार असते. ईस्टरला अमेरिकेतल्या चर्चमध्ये वेदीपाशी ज्या पांढऱ्या लिलीच्या कुंड्या मांडतात, त्यांचे कंद बहुतांशी याच पट्ट्यातल्या शेतांत तयार होतात. हीच सौम्य हवा आणि हाच महामार्ग, यांमुळे घर सुटलेली माणसंही गाडीत, तंबूत किंवा पुलाखाली इथे दिवस काढतात.

या गावात सेंट टिमथी ही एपिस्कोपल मंडळी, म्हणजे एपिस्कोपल चर्चचा स्थानिक समुदाय आहे. ती दुपारचं मोफत जेवण देत असे. 2021 मध्ये नगरपालिकेने त्यावर आठवड्याला दोन दिवसांची मर्यादा घातली, चर्चने ती मानली नाही, आणि मार्च 2024 मध्ये संघीय न्यायालयाने चर्चच्या बाजूने निकाल दिला. बातम्यांमध्ये हे प्रकरण 'भुकेल्यांना जेवू घालण्यावर बंदी' असं गाजलं. कागदपत्रं नीट पाहिली की वेगळी गोष्ट दिसते. गावात भांडण पेटलं ते चर्चच्या आवारावरून, आणि नियम आला तो जेवणाच्या ताटावर. छोट्या गावात असं काम करणाऱ्या प्रत्येक मंडळीने हा फरक ओळखायला हवा, म्हणून हे प्रकरण तपशिलात मांडण्यासारखं आहे.

मंडळी कशी चालते

एपिस्कोपल चर्च म्हणजे जगभरच्या अँग्लिकन परिवारातलं अमेरिकेतलं चर्च. 1970 मध्ये नागपुरात स्थापन झालेलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे आपलं सीएनआय, त्याच परिवारात मोडतं, त्यामुळे मराठी ख्रिस्ती वाचकाला ही रचना परकी वाटणार नाही. आपल्याकडे पास्टोरेट कमिटी असते, तशी तिथे निवडून आलेली व्हेस्ट्री असते. पैसा, इमारत आणि कामाचे ठराव तिच्या हातात. उपासना आणि पाळकीय काम पाळकाकडे. स्वतःच्या पायावर उभी असलेली मंडळी पॅरिश म्हणवते आणि तिचा पाळक रेक्टर. धर्मप्रांताच्या, म्हणजे एका बिशपच्या हाताखालच्या मंडळ्यांच्या संघाच्या आधारावर चालणारी छोटी मंडळी मिशन, आणि तिचा पाळक व्हिकर.

गरिबांसाठीच्या पैशाची सोय या चर्चच्या नियमांतच आहे. महिन्यातून एका रविवारी प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीच्या वेळी येणारं, ज्यावर वेगळा हेतू लिहिलेला नाही असं दान पाळकाकडे जातं आणि त्याने ते धर्मादाय कामासाठी वापरायचं असतं. याला पाळकाचा विवेकाधीन निधी म्हणतात. कुणाचं विजेचं बिल, कुणाची एक रात्रीची मोटेलची खोली, कुणाच्या गाडीचं पेट्रोल यातून निघतं. घोटाळा होतो तो इथेच. खातं पाळकाच्या नावावर उघडलेलं असतं, पैसे रोखीने दिले जातात, पावती नसते, आणि पाळक बदलला की हिशेब कुणालाच लागत नाही. खातं चर्चच्या नावाने आणि चर्चच्याच कर क्रमांकावर असावं, दरवर्षीच्या हिशेब तपासणीत यावं, आणि पैसे शक्यतो मदत मागणाऱ्याच्या हाती न देता थेट घरमालकाला किंवा वीज कंपनीला जावेत. मदत घेणाऱ्याचं नाव गुप्त ठेवता येतं, पण रक्कम आणि कारण लिहिलेलं असलंच पाहिजे.

उपासनेचा भाग पुढे न्यायालयात महत्त्वाचा ठरला, म्हणून तो आधी सांगायला हवा. 1979च्या प्रार्थनापुस्तकातल्या बाप्तिस्म्याच्या विधीत मंडळी काही वचनं देते. प्रत्येक माणसाची प्रतिष्ठा जपण्याचं वचन त्यांत आहे. बायबलमधल्या मत्तयाच्या 25व्या अध्यायात भुकेल्याला अन्न देणं म्हणजे प्रत्यक्ष प्रभूला देणं असं सांगितलं आहे. सेंट टिमथीच्या लोकांना रविवारचं प्रभुभोजन आणि मंगळवारचं सूप ही दोन वेगळी कामं वाटत नव्हती.

दिवस वाढले कसे

जेवणाचं हे काम महासाथीच्या कितीतरी आधीपासूनचं. गावातल्या चर्चनी दिवस वाटून घेतले होते. एक मंडळी अमुक वारी, दुसरी तमुक वारी, आणि एकेका मंडळीवर आठवड्यातून एखाद-दोन दिवसांचाच भार. छोट्या गावासाठी यापेक्षा चांगली पद्धत नाही, कारण स्वयंसेवक बहुतेक साठी-सत्तरीचे असतात आणि त्यांना रोज पातेली उचलायला लावणं बरं नव्हे.

2020 मध्ये कोविड आला आणि ही साखळी तुटली. वयस्कर स्वयंसेवक घरी बसले, इतर चर्चनी स्वयंपाकघरं बंद केली. उरलेले दिवस सेंट टिमथीने उचलले आणि एका टप्प्यावर तिथे आठवड्यातून सहा दिवस जेवण मिळू लागलं. शेजाऱ्यांना मात्र एवढंच दिसलं की पूर्वी गावभर पसरलेली वर्दळ आता एकाच निवासी गल्लीत, रोज, एकाच दारापाशी येऊ लागली. गावातली गरज होती तेवढीच राहिली असती, तरी त्या गल्लीचा अनुभव बदललाच असता.

स्वयंपाकघर

अशा कामाचं स्वयंपाकघर घरगुती सवयींवर चालत नाही. अमेरिकेत बहुतेक राज्यांत पाळले जाणारे आकडे स्वयंसेवकांना पाठ असावे लागतात. थंड पदार्थ 41 अंश फॅरनहाइट, म्हणजे 5 अंश सेल्सिअसला किंवा त्याखाली ठेवायचा. गरम पदार्थ 135 अंश फॅरनहाइट, म्हणजे 57 अंश सेल्सिअसच्या वर. शिजवून ठेवलेलं पुन्हा गरम करताना 165 अंश फॅरनहाइट, म्हणजे 74 अंश सेल्सिअसपर्यंत न्यायचं. हात धुण्याचं बेसिन वेगळं. भांड्यांसाठी तीन कप्प्यांचं सिंक लागतं: पहिल्यात साबण, दुसऱ्यात स्वच्छ पाणी, तिसऱ्यात जंतुनाशक. क्लोरीन वापरत असाल तर दशलक्ष भागांत साधारण 50 ते 100 भाग. अंदाजाने ओतायचं नाही, कागदी पट्टीवर तपासायचं.

चूक होते ती शिजवताना नाही, गार करताना. साठ माणसांना प्रत्येकी 350 मिलिलिटर सूप धरलं तर 21 लिटर लागतं. पावसाचा दिवस, माणसं कमी आली आणि दहा लिटर उरलं. दमलेला स्वयंसेवक झाकण ठेवून ते पातेलं तसंच फ्रिजमध्ये सरकवतो. बाहेरून पातेलं गार लागतं, आतलं सूप मात्र रात्रभर कोमट राहतं, आणि जिवाणूंना तेवढंच पुरतं. नियम असा, की पहिल्या दोन तासांत 57 अंशांवरून 21 अंश सेल्सिअसवर यायला हवं, आणि पुढच्या चार तासांत 5 अंशांवर. ते दहा लिटर दोन रुंद ट्रेमध्ये ओतायचं, पाच सेंटीमीटरपेक्षा जास्त खोल नाही, बर्फाच्या पाण्यात ठेवायचं, झाकण उघडं, मधूनमधून ढवळायचं. दोन तासांनी थर्मामीटर लावायचा. 21च्या वर असेल तर लगेच 74पर्यंत तापवून पुन्हा पहिल्यापासून गार करायचं, नाहीतर सरळ टाकून द्यायचं. रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला जुलाब लागले तर त्याला धावायला संडास नसतो. म्हणून ही शिस्त जीव लावून पाळायची.

दान आलेल्या अन्नाबाबत दुकानं घाबरतात. 1996च्या बिल एमर्सन कायद्याने, चांगल्या हेतूने दिलेल्या आणि वरकरणी खाण्याजोग्या अन्नासाठी देणाऱ्याला आणि वाटणाऱ्या संस्थेला दाव्यांपासून संरक्षण दिलं आहे. घोर निष्काळजीपणा त्यात बसत नाही. किराणा दुकानाच्या व्यवस्थापकाशी बोलायला जाताना या कायद्याची एक प्रत सोबत न्यावी. बरेचदा तेवढ्यावर काम होतं.

आवार

महासाथीत आणखी एक गोष्ट झाली. गाडीत राहणाऱ्यांना रात्री चर्चच्या वाहनतळावर थांबू देण्याची परवानगी नगरपालिकेने दिली आणि सेंट टिमथीने जागा दिली. ऑरेगनमध्ये अशा सोयीसाठी राज्याचा कायदा आहे. नगरपालिकेने परवानगी दिली तर धार्मिक संस्थेला आपल्या वाहनतळावर मोजक्या गाड्या राहू देता येतात. मूळ कायद्यात ही मर्यादा एका वेळी तीन वाहनांची होती. संडास, हात धुण्याची सोय आणि कचरा टाकायची व्यवस्था देणं बंधनकारक आहे.

जेवण आणि रात्रीचा मुक्काम, ही कामं दिसायला एकाच दयेची, पण चालवायला अगदी निराळी. जेवण तास-दोन तासांचं असतं. तेव्हा मंडळीतली माणसं हजर असतात, टेबलं मांडलेली असतात, कोण आलं कोण गेलं हे दिसतं. रात्री अकराला आवारात मंडळीतलं कुणी नसतं. भांडण झालं, कुणी शेजारच्या कुंपणात लघवीला गेलं, इंजिन चालू राहिलं, कुत्रं भुंकलं, तर शेजारी थेट पोलिसांना फोन करतो. पोलिसांच्या नोंदीत प्रत्येक फोनपुढे चर्चचा पत्ता लिहिला जातो.

2021च्या वसंतात सुमारे तीस रहिवाशांनी नगरपालिकेकडे अर्ज दिला. सेंट टिमथी चर्चमधून बेघरांना हटवावं, ही त्याची मागणी. तक्रारी होत्या अनधिकृत घुसखोरीच्या, कचऱ्याच्या, आवाजाच्या, गुन्ह्यांच्या. या लोकांना निर्दय म्हणून सोडून देणं सोपं आहे, पण बरोबर नाही. ज्या घरात म्हातारी बाई एकटी राहते तिथे रात्री दोनला खिडकीखाली आरडाओरडा झाला तर तिची भीती खरीच असते. तिने तक्रार घेऊन कुठे जावं, याचं उत्तर आधी चर्चकडे असायला हवं.

दोन दिवसांचा नियम

नगरपालिकेने ऑक्टोबर 2021 मध्ये नवा अध्यादेश केला. निवासी विभागात मोफत जेवण द्यायचं तर विशेष परवाना घ्यायचा, आणि परवाना मिळाला तरी आठवड्यातून जास्तीत जास्त दोनच दिवस. नगरपालिकेची मांडणी अशी होती, की निवासी विभागात उपाहारगृहाला मुळात परवानगीच नाही, चर्चचं स्वयंपाकघर त्याच जातीत मोडतं, म्हणजे आम्ही काही काढून घेत नाही, उलट दोन दिवस देतो आहोत.

कागदावर हा युक्तिवाद चलाख आहे, पण त्यात दोन भोकं होती. वर्षानुवर्षं उघडपणे चाललेलं काम, तक्रारींचा अर्ज आल्यावरच, बेकायदा असल्याचं आठवलं. आणि अर्जातल्या तक्रारींचा दुपारच्या जेवणाशी फारसा संबंध नव्हता. शनिवारचं जेवण बंद केल्याने मंगळवारी रात्रीची घुसखोरी थांबत नाही.

पाळक रेव्ह. बर्नी लिंडली आणि मंडळी यांनी परवान्यासाठी अर्ज केला नाही. जेवण चालू ठेवलं आणि जानेवारी 2022 मध्ये, ऑरेगनच्या धर्मप्रांतासह, संघीय न्यायालयात दावा लावला. धर्मप्रांताच्या प्रमुख बिशप डायना अकियामा त्यांच्या पाठीशी उघडपणे उभ्या राहिल्या. गावात पाळक एकटा पडतो, पण बिशप आणि धर्मप्रांत वादी म्हणून नावानिशी आले की तोच वाद संस्थेचा होतो.

कायदा काय विचारतो

दाव्याचा कणा होता 2000 सालचा धार्मिक जमीनवापराचा संघीय कायदा. त्याची पायरी अशी. आधी चर्चने दाखवायचं की जमिनीबाबतच्या नियमाने त्याच्या धर्माचरणावर मोठं ओझं पडलं. हे सिद्ध झालं की भार नगरपालिकेकडे जातो. तिला दाखवावं लागतं की अतिशय महत्त्वाचं सार्वजनिक हित साधायचं होतं, आणि त्यासाठी याहून सौम्य मार्गच नव्हता.

पहिल्या पायरीवर बऱ्याच संस्था अडखळतात. 'आम्ही समाजसेवा करतो' असं त्यांच्या पत्रकांत लिहिलेलं असतं, आणि समोरचा वकील विचारतो, मग यात धर्म कुठे आला? हा कायदा आचरण धर्मात सक्तीचं आहे का, केंद्रस्थानी आहे का, हे पाहत नाही. ते प्रामाणिकपणे धर्माचरण म्हणून केलं जातं का, एवढंच पाहतो. पण ते कागदावर दिसायला हवं. व्हेस्ट्रीच्या ठरावांत, वार्षिक अहवालात, रविवारच्या पत्रकात जेवणाचा उल्लेख उपासनेचा भाग म्हणून असेल, तर वाद उभा राहण्याआधीच पुरावा तयार असतो. वाद सुरू झाल्यावर लिहिलेल्या भक्तिपूर्ण वाक्यांना न्यायालय तेवढं वजन देत नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये संघीय न्याय विभागानेही या खटल्यात चर्चच्या बाजूला जाणारं निवेदन दाखल केलं.

मेडफर्डच्या न्यायालयात न्यायाधीश मार्क क्लार्क यांनी मार्च 2024 मध्ये, पूर्ण खटला न चालवता, कागदपत्रांवरच निकाल दिला. दोन दिवसांची मर्यादा म्हणजे धर्माचरणावर मोठं ओझं, हे त्यांनी मानलं. गुन्हे आणि उपद्रव रोखणं हे नगरपालिकेचं रास्त काम, पण जेवणाचे दिवस कापल्याने ते साधतं, हे तिला दाखवता आलं नाही. घुसखोरी, मारहाण, कचरा यांसाठी कायदे आधीच आहेत आणि ते त्या-त्या माणसावर लावता येतात. बेघर माणसं ही 'भटकी' नव्हेत, गरजू नागरिक आहेत, हेही त्यांनी निकालपत्रात स्पष्ट लिहिलं. हे वाक्य त्या गल्लीतल्या प्रत्येकाने वाचावं असं आहे.

हा निकाल दोन दिवसांच्या अध्यादेशापुरता होता. दरम्यान 2023 मध्ये नगरपालिकेने चर्चच्या इतर सेवांवर स्वतंत्र नोटीस काढली होती. जेवणाशिवाय तिथे आंघोळीची सोय, आरोग्यसेवा, कागदपत्रांची मदत अशी कामं चालत, आणि निवासी विभागात ती बसत नाहीत, असं तिचं म्हणणं. कायद्याच्या नजरेत यातली प्रत्येक सेवा वेगळी मांडावी लागते. जेवणाला शास्त्रवचन आणि जुनी परंपरा लगेच सापडते. शॉवरचा संबंध उपासनेशी जोडायला आधीपासून विचार करून ठेवावा लागतो. म्हणून नवी सेवा सुरू करताना व्हेस्ट्रीने एका ठरावात चार गोष्टी लिहाव्यात: ही सेवा कोणत्या श्रद्धेतून, कोणत्या वारी किती ते किती, आवाराच्या कोणत्या भागात, आणि जबाबदार माणूस कोण.

ताट आणि आवार वेगळं चालवणं

निकाल चर्चच्या बाजूने लागला तरी गल्ली तीच असते आणि शेजारीही तेच. जून 2024 मध्ये, याच राज्यातल्या ग्रँट्स पास गावाच्या प्रकरणात, सार्वजनिक जागी झोपणाऱ्यांना दंड करण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी दिली. बागेतून आणि पदपथावरून हाकलल्यावर माणसं खासगी आवारांकडे सरकणार, आणि त्यात चर्चचं आवार पहिलं. म्हणून आता आवाराची व्यवस्था जेवणाइतकीच मन लावून करायला हवी.

सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे घटनांची वही. तारीख, वेळ, काय झालं, आवारात की बाहेर, त्या वेळी जेवण चालू होतं का, पोलिस आले का, मंडळीने काय केलं. आठवड्याला दहा मिनिटांचं काम आहे. वर्षभराने कुणी सभेत म्हणालं की तुमच्या जेवणामुळे गुन्हे वाढले, तर ही वही उघडून दाखवता येते की बहुतेक घटना रात्री नऊनंतरच्या आहेत. किंवा तक्रार खरी आहे असं दिसतं आणि वेळ बदलता येते. पोलिसांच्या नोंदीत फक्त पत्ता असतो, कारण नसतं. ते मंडळीलाच लिहून ठेवावं लागतं.

आवारबंदीची पद्धत लेखी हवी. दमदाटी केली तर किती दिवस, मारहाण केली तर किती, बंदी कोण घालणार आणि कोण उठवणार. बंदी आवाराची असावी, अन्नाची नाही. ज्याला आत येता येत नाही त्याला फाटकाबाहेर डबा द्यावा. एकाच स्वयंसेवकावर दार सोपवू नये, निदान दोघं असावेत. संडास उघडा नसेल तर शेजारचं कुंपणच संडास होतं, त्यामुळे भाड्याचा फिरता संडास आणि त्याची ठरलेली सफाई हा खर्च टाळण्यासारखा नाही. सुया टाकण्यासाठी कडक प्लास्टिकचा बंद डबा भिंतीला लावून ठेवावा. आजूबाजूच्या प्रत्येक घराला एक दूरध्वनी क्रमांक द्यावा आणि तो चर्चच्या कार्यालयाचा नसावा, कारण कार्यालय दुपारी बंद होतं आणि उपद्रव रात्री होतो. फोन उचलणारा माणूस आळीपाळीने बदलावा, नाहीतर पाळक सहा महिन्यांत आजारी पडतो.

आणि दिवस पुन्हा वाटून घ्यावेत. एकाच दारी सहा दिवस जेवण ही आणीबाणीतली सोय होती. गावातल्या इतर मंडळ्यांना त्यांचे वार परत द्यायचे तर विनंतीने भागत नाही. त्यांच्या स्वयंपाकघराची तपासणी अडली असेल तर ती करून द्यावी, पहिले काही आठवडे आपली दोन माणसं पाठवावीत, पातेली उसनी द्यावीत. वारांचा तक्ता प्रत्येक स्वयंपाकघराच्या दारावर लावावा आणि त्यात शेवटचा एक रकाना असावा: एखाद्या मंडळीला ऐनवेळी जमलं नाही, तर त्या दिवशी चूल कोण पेटवणार.